दिवाळीतली बोट आणि डळमळती नोकरी

ठाण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे:

"माझं वय 44. मिस्टर ऐरोलीत एका आयटी कंपनीत आहेत. गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या टीममधल्या तिघांना राजीनामा द्यायला सांगितलं. यांचं नाव अजून आलेलं नाही, पण घरातली झोप उडाली आहे. मी पतसंस्थेत नोकरी करते, पगार बेताचा. घराचा हप्ता धरून महिन्याला 75 हजार लागतात. एफडीत 3 लाख आहेत. सहलीसाठी म्हणून आरडी लावली होती, ती ऑगस्टमध्ये सुटेल, तिचे 2 लाख 40 हजार येतील. मुलगा नववीत, पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे काय ती सहल यंदाच. सासूबाई 72 वर्षांच्या, माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी त्या बोटीने मुंबईला यायच्या. 'माका एकदा बोटीत बसव गो' हे त्यांचं वर्षानुवर्षांचं पालुपद आहे. एका एजन्सीने दिवाळीसाठी सिंगापूर आणि तीन रात्रींची क्रूझ असं पॅकेज सुचवलंय. आज 60 हजार भरले तर माणशी 15 हजार सूट, बाकीचे नो कॉस्ट ईएमआयवर. हे म्हणतात, यंदा काहीच नको. मला वाटतं, भीतीपोटी सगळंच रद्द करत गेलो तर जगायचं कधी? काय करू?"

ताई,

ते 60 हजार भरू नका. एजन्सीचा माणूस उद्या पुन्हा फोन करेल, तुमच्यासाठी ऑफर दोन दिवस वाढवून घेतली असं सांगेल, तेव्हाही भरू नका. असली घाई पुष्कळदा बनावट असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 13 प्रकार दिलेत आणि त्यातला पहिलाच खोट्या घाईचा आहे. ज्या सहलीचा भाव विचार करायला एक रात्रही देत नाही, ती तुमच्या घरासाठी यंदा नाही.

पण सहलच नको, असंही मी म्हणणार नाही. मिस्टरांची धास्ती खरी आणि तुमची तगमगही खरी. मला वाटतं, आकडे एकदाही कागदावर मांडले गेले नाहीत म्हणून तुम्हा दोघांचा वाद अडून बसलाय. मांडू या.

नोकरीचा भरवसा नसताना घरात निदान सहा महिन्यांचा खर्च न मोडता पडून हवा. 75 हजारांप्रमाणे ते झाले साडेचार लाख. एफडीत 3 लाख आहेत, म्हणजे दीड लाख कमी पडतात. आरडी सुटेल त्याच दिवशी त्यातले दीड लाख एफडीत टाका. उरले 90 हजार. एवढे पैसे तुमच्या सहलीचे, आणि ते खर्च करताना कुणीही मनाला लावून घेऊ नये. तुमचा पगार मी यात मुद्दाम धरलेला नाही. वेळ आलीच तर त्याच्या जोरावर सहाचे नऊ महिने निघतील, आणि आयटीत चाळिशी उलटलेल्या माणसाला मनासारखी दुसरी नोकरी मिळायला तेवढा वेळ लागूही शकतो. हा हिशेब मिस्टरांना शेजारी बसवून त्यांच्याच हाताने लिहून घ्या. 'काहीच नको' म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा खर्चाचं वावडं नसतं. कुठे थांबायचं ते ठरलेलं नसतं, त्याची धास्ती असते.

90 हजारांत चौघांचं सिंगापूर होत नाही. तरी त्या पॅकेजबद्दल थोडं सांगते, कारण अशाच पत्रकांवर पुष्कळ घरं सध्या विचार करत असतील.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज घेतेच. तेवढी रक्कम विक्रेता किमतीतून कमी करून दाखवतो, म्हणजे रोख देणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुमच्या व्याजात जिरते. वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी असतोच. खरा धोका तर पुढेच आहे. सहल संपते आणि हप्ते उरतात. नोकरी गेल्यावर एक हप्ता चुकला आणि तो क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत गेला, की वर्षाला 36 ते 42 टक्क्यांच्या घरात व्याज लागतं. दुसरी गोष्ट रुपयाची. डिसेंबर 2025 मध्ये रुपयाने डॉलरमागे नव्वदी ओलांडली. परदेशी क्रूझवर जहाजावरचा खर्च, मग ते इंटरनेट असो, पेयं असोत की किनाऱ्यावरची सहल, परकीय चलनात होतो आणि आपल्या कार्डावर वर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप बसतो. म्हणजे पॅकेज आज ठरलं तरी पूर्ण किंमत दिवाळीपर्यंत ठरत नाही. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर, घेतला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. नेमके हेच महिने तुम्हाला हातात पैसा हवा असलेले आहेत.

आता मुख्य सांगायचं ते. यंदा सहलीची किंमत जाहिरातीतल्या आकड्याने मोजू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घरी वाईट बातमी आली, तर भरलेल्या पैशांतले किती परत येतील, या प्रश्नाने मोजा. समजा एक सहल 65 हजारांची आहे आणि एक पैसाही परत मिळणार नाही. दुसरी 80 हजारांची आहे, पण निघण्याच्या पंधरा दिवस आधीपर्यंत जवळजवळ सगळे पैसे परत. नोकरी पक्की असलेल्या घराने खुशाल पहिली घ्यावी. तुम्ही दुसरी घ्या. वरचे 15 हजार हा तुमच्या 65 हजारांचा विमा आहे, आणि महागातला नाही.

म्हणून कुठेही पैसे भरण्याआधी रद्द करण्याचं कोष्टक ईमेलवर मागवा, फोनवरच्या आश्वासनावर जाऊ नका. किती दिवस आधी रद्द केलं तर किती टक्के कापणार ते त्यात असतं. क्रूझच्या बाबतीत हे टक्के तारीख जवळ येईल तसे चढत जातात आणि शेवटच्या टप्प्यात सगळीच रक्कम जाते. त्यात दोन शब्द शोधा: पैसे परत, की क्रेडिट नोट. क्रेडिट नोट म्हणजे पुढच्या वर्षी त्याच कंपनीकडे जायचं वचन, आणि कंपनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. एप्रिल 2019 मध्ये मुंबईतून मोठ्या थाटात सुरू झालेली जलेश क्रूझ ऑक्टोबर 2020 मध्ये बंद पडली आणि तिचं कर्णिका जहाज अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघालं. त्याच्या आदल्या वर्षी कॉक्स अँड किंग्ज ही सहल कंपनी बुडाली, जिची मुळं 1758 सालापर्यंत जातात. मे 2023 मध्ये गो फर्स्टची विमानं एका दिवसात जमिनीवर आली. नाव मोठं असणं ही हमी नाही. हातात कमीत कमी आगाऊ रक्कम देणं आणि ती क्रेडिट कार्डावर देऊन बिल त्याच महिन्यात पूर्ण फेडणं, हे जास्त उपयोगी. सेवा मिळालीच नाही तर कार्डाच्या बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध तक्रार करता येते. यूपीआयने एजंटच्या वैयक्तिक खात्यात पाठवलेल्या पैशांना हा आधार नसतो. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक लक्षात ठेवा. आणि विमानाचं तिकीट परतावा न मिळणारं असलं तरी त्यातले विमानतळाचे कर परत मागता येतात. पुष्कळ लोक मागतच नाहीत.

आता सासूबाईंच्या बोटीकडे येते. तुमच्या पत्रातला मला सर्वांत जवळचा वाटलेला भाग तोच.

त्यांच्या लहानपणीची बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्लं करत पणजीला जाणारी. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे होड्यांतून, माणसं, ट्रंका, फणस सगळं खाली-वर व्हायचं. पावसाळ्यात सगळंच बंद. त्या पिढीच्या चाकरमान्यांना हा प्रवास सुखाचा होता असं नाही, डेकवर पथारी टाकून उलट्या सोसत रात्र काढलेले पुष्कळ होते. तरीही तो समुद्र त्यांच्या मनातून जात नाही. म्हणून एजन्सीला विचारण्याआधी सासूबाईंना विचारा: तुम्हाला समुद्रातून जायचंय, की वेंगुर्ल्याला जायचंय? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि खर्चही. सिंगापूरच्या भल्यामोठ्या जहाजावरचा जलतरण तलाव त्यांच्या मागणीत कुठे बसतो, मला दिसत नाही.

उत्तर काहीही येवो, आधी एका रविवारी त्यांना भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रोने न्या. 2020 पासून ती चालू आहे, तासाभराचा प्रवास, मोठी स्थिर बोट, गाडीही आत जाते. पावसाळ्यात छोट्या लाँच बंद असल्या तरी हवामान बरं असेल तर रो-रो चालते. त्यांना बोट लागते का, जिने झेपतात का, डेकवर उभं राहून बरं वाटतं का, हे चार तासांत कळेल आणि खर्च माणशी काही शे रुपयांत भागेल. क्रूझवर 80 हजार घालून पहिल्या रात्री कळण्यापेक्षा हे बरं.

समुद्रातूनच जायचं असेल, तर मुंबईहून सुटणारी दोन-तीन रात्रींची सफर तुमच्या हिशेबात बसू शकते. गेली काही वर्षं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जातं. ते 1990 साली बांधलेलं, पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होतं. म्हणजे जुनं आहे, खोल्या लहान आहेत, परदेशी जाहिरातींतल्या जहाजांची अपेक्षा ठेवू नका. पण पासपोर्ट नको, व्हिसा नको, विमान नको, ठाण्याहून टॅक्सीने बॅलार्ड पिअर गाठायचं. शाकाहारी आणि जैन जेवण तिकिटातच येतं.

भाव विचारताना 'माणशी इतके' या आकड्यावर थांबू नका. तो दोघांत एक खोली धरून सांगितलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या माणसाला त्याच खोलीत बराच कमी दर लागतो. त्यामुळे चौघांनी एक खोली घेतली तर खर्च चांगलाच उतरतो. वरचे दोन बर्थ रात्री उघडतात, तिथे तुम्ही आणि मुलगा, खाली सासूबाई आणि मिस्टर. दोन रात्रींसाठी एका बाथरूमची अडचण सोसण्यासारखी आहे. बिनखिडकीची खोली घ्या. बाल्कनीचे पैसे झोपेतच जातात, आणि समुद्र वरच्या डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो. सासूबाईंना हलण्याचा त्रास होऊ नये म्हणून खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्याजवळ मागा, तिथे हेलकावा सर्वांत कमी असतो. लिफ्टजवळची मिळाली तर उत्तम.

मूळ दरावर पोर्ट चार्ज, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. हे सगळं धरून चौघांचा एकच शेवटचा आकडा लेखी मागा. त्यानंतर जहाजावर पैसे जातात ते थंड पेयांवर, दारूवर, खास रेस्टॉरंटवर, इंटरनेटवर आणि गोव्यातल्या सहलीवर. मुलाच्या फोनकडे लक्ष ठेवा. किनारा सुटल्यावर फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल हजारांत जाऊ शकतं. एअरप्लेन मोड लावून टाका. गोव्यात जहाज मुरगावला लागतं, पणजी तिथून तीसेक किलोमीटर. जहाजाची सहल माणशी दराने असते, चौघांत टॅक्सी बहुधा स्वस्त पडते, पण गोव्यात ओला-उबर नाही, तेव्हा भाव आधी ठरवा. आणि परत चढण्याच्या वेळेआधी तासभर बंदरात या. जहाज कुणासाठी थांबत नाही.

लक्षद्वीपची फेरी मी तुम्हाला सुचवणार नाही. तिथे मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटींतून बेटावर जावं लागतं. समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द होतं, आणि अटींप्रमाणे त्याची भरपाई सहसा मिळत नाही. कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाची समुद्रम सहल आहे, कवरत्ती जहाजावरून तीन बेटं दाखवणारी. हौशी तरण्यांसाठी ती सुंदर, पण हलत्या जहाजातून हलत्या होडीत उतरणं 72 वर्षांच्या गुडघ्यांना सांगू नये.

दिवाळीच्या ऐन आठवड्यातले दर तुमच्या 90 हजारांना पेलणार नाहीत असं मला वाटतं. लाभपंचमीला गुजरातेतल्या पेढ्या उघडतात, त्या बाजूची सहलीची गर्दी त्यानंतर ओसरायला लागते, आणि आपल्याकडच्या पुष्कळ शाळांची सुट्टी तेव्हा थोडी उरलेली असते. मुलाच्या शाळेची तारीख बघा. त्या उरलेल्या दिवसांतली, आठवड्याच्या मधली, म्हणजे शुक्रवार-शनिवार टाळून सुटणारी फेरी शोधा. एवढ्या एका बदलाने जी बचत होते, ती कुठल्याही कूपन कोडने होत नाही.

आणि सासूबाईंचं उत्तर वेंगुर्लं आलं, तर मला मनापासून आनंद होईल, कारण मग याच पैशांत सहल पाच-सहा दिवसांची होते आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा शेवटपर्यंत तुमच्या हातात राहतो. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने दिवसाउजेडी जा, कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरा. गाडीतल्या खाण्यासाठी ती नावाजलेली आहे आणि मुलाला खिडकीतून अख्खं कोकण दिसेल. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तो दिवस कॅलेंडरवर लिहून सकाळी आठला बसा. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, पण खालचा बर्थ सासूबाईंना, आणि 45 पूर्ण झालेल्या बायकांनाही, शक्यतो दिला जातो. वेळेत रद्द केलं तर तिकिटाचे थोडेच पैसे कापले जातात. राहायला तारकर्लीचं एमटीडीसी बघा किंवा वेंगुर्ल्यातच घरगुती निवास घ्या, जिथे मासे आणि सोलकढी त्याच घरातली. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असलेल्या खोल्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने बिल लावलं तर विचारा. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत होडी आहे, आणि नोव्हेंबरात समुद्र शांत असतो. सासूबाईंना वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभं करून नातवाला दाखवायला सांगा, पडाव कुठे लागायचा ते.

केरळच्या हाउसबोटीचाही मोह कुणीतरी घालेल. एवढंच सांगते: अलप्पुळाची मुक्कामाची हाउसबोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास नांगर टाकते, कारण रात्री तिथे मच्छीमारांची जाळी असतात. म्हणजे 22 तासांचे पैसे आणि फिरणं पाच-सहा तासांचं. तिथे जायचंच झालं कधी, तर राज्य जल परिवहन विभागाची साधी बोट दिवसा घ्या आणि रात्र काठावरच्या होमस्टेमध्ये काढा. यंदा नको, विमानभाडं किंवा जाऊन-येऊन दोन दिवसांची रेल्वे यातच तुमचा हिशेब मोडेल.

प्रवास विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण क्रूझ घेतलीत तर चौघांचा विमा काढा आणि सासूबाईंचा मधुमेह, रक्तदाब, जे काही असेल ते लपवू नका. जहाजावर डॉक्टर असतात, त्यांचं बिल वेगळं आणि तिथेच भरावं लागतं. विम्यात आजारपणामुळे रद्द झालेली सहल बसते, नोकरी गेल्यामुळे रद्द झालेली सहसा बसत नाही. म्हणूनच मी सारखी त्या रद्द करण्याच्या कोष्टकाकडे बोट दाखवतेय.

मुलाला खरं सांगा. नववीतल्या मुलाला घरातलं वातावरण कळत नाही असं समजू नका. सिंगापूर का नाही, 90 हजार कसे निघाले, हे त्याला कागदावर दाखवा आणि गाडीच्या वेळा, खोल्यांचे भाव शोधायचं काम त्याच्याकडेच द्या. मिस्टरांना हा ताण एकट्याने वाहावा लागणार नाही.

एजन्सीला सोमवारी फोन करा. पॅकेज नको आहे, एवढंच सांगा, कारण सांगायची गरज नाही. मुंबई-गोवा फेरीचा चौघांचा, एका खोलीचा, सगळे कर धरून एकूण भाव आणि रद्द करण्याचं कोष्टक ईमेलवर मागा, आणि हाच भाव क्रूझ कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही काढून शेजारी ठेवा. आरडी सुटेपर्यंत कुणालाही पैसे देऊ नका. तोवर मिस्टरांच्या कंपनीतलं चित्रही थोडं स्पष्ट झालेलं असेल. कोष्टक आलं आणि त्यातली एखादी अट कळली नाही, तर मला पाठवा, आपण दोघी मिळून वाचू.